सातव्या कलमातली मोटार

श्री सिद्धेश्वर प्रसन्न
सोलापूर, ता. २२ जानेवारी १९३७

अण्णा, तुला शरणु शरणार्थी.

तुझ्या बहिणीचं लग्न ठरलं, हे अप्पांच्या पत्रातून तुला कळेलच. पण त्यांचं पत्र म्हणजे चार ओळी आणि तीन आशीर्वाद, तेव्हा खरी हकीकत मी लिहिते. गड्ड्याची जत्रा उठली आणि तिसऱ्याच दिवशी अक्कलकोटची मंडळी याद करायला आली. मुलाचं नाव रेवणसिद्ध. घरची धान्याची अडत आहे. पुण्याला कॉलेजात दोन वर्षं काढून तो परत आला आहे. स्थळ कमलम्मा आत्यानं आणलं. सहा महिने ती अप्पांच्या मागे हात धुऊन लागली होती.

देण्याघेण्याची याद आपल्या मठातले अय्यास्वामी लिहीत होते. सहा कलमं सुरळीत पार पडली. मग मुलाचे काका म्हणाले, सातवं कलम लिहा, एक विलायती उघडी मोटार. अप्पांनी विचारलं, कसली? काकांनी भिंतीकडं बोट केलं आणि म्हणाले, तुमच्या मुलाकडं आहे तसली.

अण्णा, हे तुझं कर्म. दिवाळीला तू तो फोटो पाठवलास, तुझ्या मित्राच्या मॉर्गन नावाच्या उघड्या मोटारीत बसलेला, डोळ्यांवर भलामोठा चष्मा, हात चाकावर. अप्पांनी चाटी गल्लीतून चौकट करून आणून तो बैठकीत लावला. रेवणसिद्ध तासभर त्याच्या समोर बसला होता. माझ्याकडं त्यानं एकदा पाहिलं असेल, फोटोकडं पाहणं काही सुटलं नाही. मला त्यानं एकच प्रश्न विचारला, नाव काय. अप्पांना मोटारीबद्दल बावीस विचारले. मी दाराआडून मोजले.

अप्पांना वाटलं, एक शालू लिहितात तशी एक मोटार. सगळ्यांनी सह्या केल्या, हळदकुंकू वाहिलं. आणि जेवणाच्या पंगतीत कळलं की ही कंपनी एक नव्हे, बऱ्याच जातीच्या मोटारी करते आणि यादीत जात लिहिलेलीच नाही. आता अप्पा म्हणतात, ईश्वरा तिथंच आहे, तो पाहील. मोटार पावसाळ्यात आली तरी चालेल, पण ती बोटीवर चढल्याची चिठ्ठी मांडवात दाखवावी लागेल. लग्न वैशाखात, वीस मेला.

तेव्हा कारखान्यात जा, सगळ्या जाती पाहा आणि छापील पुस्तक धाड. मला इथं करमत नाही. काय होतंय ते नीट सांगता येत नाही, पण पाय एका जागी ठरत नाहीत. अव्वा म्हणते, लग्न ठरलेल्या मुलीचं असंच असतं.

तुझी,
सुंदरा

*

मँचेस्टर, ता. १४ फेब्रुवारी १९३७

चि. सुंदरास, तिच्या मोटारवाल्या अण्णाचे आशीर्वाद.

वा, नशीब काढलंस. माझ्या फोटोनं बहिणीचं लग्न जमलं, आता मला मानाचा फेटा हवा. पत्र आलं त्याच शनिवारी कॉलेजला बुट्टी मारली आणि आगगाडीनं माल्व्हर्नला गेलो. डोंगराच्या पायथ्याशी गाव, आणि कारखाना कसला, आपल्या सुताराच्या पडवीसारखा. मोटारीचा सांगाडा चक्क लाकडाचा करतात आणि वरून पत्रा ठोकतात. भुश्याचा वास येत होता. तिथल्या फोरमननं मला एकेका गाडीत बसू दिलं. मी उतरायला तयार नव्हतो.

आता नीट वाच. पहिली जात तीन चाकांची. पुढं दोन चाकं, मागं एकच, आणि इंजिन नाकाच्या पुढं उघडंच बसवलेलं. सुरू झाली की कानाचे पडदे फाटतात. दोनच माणसं बसतात, पण पळते अशी की टोपी मागच्या गावात राहावी. दुसरी गेल्या सालीच निघाली, चार चाकांची, दोन बैठकांची. लांब नाक, दोन्ही बाजूंना चाकांवर पंखांसारखे कमानदार पत्रे, बसायला इतकी खाली की हात सोडला तर रस्त्याला लागेल. तिसरी तीच, पण मागं आणखी दोन बैठका घालून यंदा काढताहेत. तिचा नमुना मी पाहिला. मागची दोन माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतील, पण बसतील.

मी असतो तर तीन चाकांची घेतली असती. नाही, दोन बैठकांची. परत येताना गाडीत सारखा हाच विचार चालला होता आणि स्टेशन केव्हा आलं ते कळलंच नाही. पण माझ्या मताला कोण विचारतो. रेवणसिद्धांचं काय मत पडतं ते कळव. पुस्तक वेगळं, विमानटपालानं धाडलं आहे, इंग्रजीत आहे. अप्पांना वाचून दाखवायला घरात मॅट्रिक झालेली तूच.

तुझा,
ईश्वरा

*

श्री सिद्धेश्वर प्रसन्न
सोलापूर, ता. ८ मार्च १९३७

अण्णा, शरणार्थी.

पुस्तक पोचलं. रोज दुकान बंद झालं की अप्पा लोडाला टेकतात आणि म्हणतात, वाच. मी इंग्रजी वाचते, त्यांना मराठीत सांगते आणि अव्वाला कन्नडमध्ये. आता मला झोपेतून उठवून विचारलंस तरी गिअर किती आणि ब्रेक कुठं ते सांगेन.

अप्पांनी तिन्ही जाती अक्कलकोटला कळवल्या, तर पहिल्या पत्रात रेवणसिद्धानं तीन चाकांची मागितली. अव्वानं आकडा ऐकला आणि ती उठूनच गेली. तीन तिघाडा, काम बिघाडा. ताटात तीन पोळ्या वाढत नाहीत, तिघं कामाला निघाले तर चौथा म्हणून एक खडा बरोबर घेतात आणि लेकीला देताय तीन चाकं? मागं बांधलेलं जादा चाक धरलं तर चार होतात की, असं अप्पा म्हणाले. तेव्हापासून अव्वा त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिकडं मुलाच्या आईनंही तेच म्हटलं म्हणून ती जात बाद झाली. धुळा तुला आठवत असेल, आपली सुताच्या गठड्यांची लॉरी चालवणारा, मंगळवेढ्याचा. चित्र पाहून तो म्हणाला, “दोन चाकं दोन चाकोरीतनं जातील. तिसरं मदल्या उंचवट्यावर. ही गाडी न्हाय, नांगुर हाय.”

मग दोन बैठकांची ठरली. मुलाची आई म्हणाली, मग मी कुठं बसू? म्हणून चार बैठकांची ठरली. तर रेवणसिद्धाचं कार्ड आलं की मागं दोन माणसं कोंबली की मोटारीचा टांगा होतो, दोनचीच हवी. असं आजवर चार वेळा फिरलं आहे. त्या दोन बैठकांपैकी एक त्याची, मग दुसरी कुणाची, हे कोणत्याच कार्डात नव्हतं. म्हणून मी कमलम्मा आत्याला विचारायला लावलं. चार दिवसांनी ती उत्तर घेऊन आली. सून उघड्या गाडीत बसत नाही. तिच्यासाठी पडद्याची दमणी आहे, बैल चांगले आहेत.

बैल चांगले असतील. पण अण्णा, माझा जीव त्या घरात रमणार नाही. हे कुणाला सांगू? अव्वाला सांगितलं तर ती म्हणेल, आम्ही जन्मभर दमणीतच फिरलो. कारण विचारलं तर मला मोटारीशिवाय दुसरं सांगता येणार नाही आणि लोक हसतील. तूही हसशील का ते लिही.

आणखी एक. क्लच सोडताना पाय किती हळू उचलायचा हे पुस्तकात दिलेलं नाही. तुला ठाऊक असेल तर कळव.

सुंदरा

*

मँचेस्टर, ता. २८ मार्च १९३७

चि. सुंदरास आशीर्वाद.

हसलो नाही, पण हसू आलं. अगं, लग्नाआधी सगळ्याच मुलींचा जीव असा वरखाली होतो. तुझी मैत्रीण रत्नम्मा लग्नाच्या आदल्या दिवशी आपल्या माजघरात येऊन रडली होती, आणि आता माहेरी ये म्हटलं तर येत नाही. बसायच्या जागेचाच प्रश्न ना? मी तोड काढली आहे. चार बैठकांची घ्यायची. तिच्यावर कापडाचं छत चढवता येतं, बाजूंनाही पडदे लागतात. पुढं रेवणसिद्ध आणि त्यांचे वडील, मागं सासूबाई आणि तू. छत चढवलं की झाली दमणी, बैलांवाचून. सगळ्यांचं समाधान झालं.

मी काल पुन्हा माल्व्हर्नला गेलो होतो. हा तिसरा फेरा. एक गाडी आपल्यासाठी राखून ठेवा असं सांगून आलो आहे. आता फक्त रंगाचं राहिलं. हिरवा, काळा की लाल? लाल उठून दिसतो, पण आपल्याकडच्या धुळीत हिरवा बरा. रात्रभर मनात लाल-हिरवं चाललं होतं. इथं सगळीकडं नव्या राजाच्या राज्याभिषेकाच्या पताका लागताहेत, त्या पाहून पुन्हा लालवर आलो.

क्लचचं रेवणसिद्धांनी विचारलेलं दिसतं. कुणाला तरी विचारून कळवतो.

ईश्वरा

*

श्री सिद्धेश्वर प्रसन्न
सोलापूर, ता. १८ एप्रिल १९३७
(विमानटपालाने)

अण्णा,

हे पत्र विमानानं धाडते आहे, कारण बोटीला वेळ उरलेला नाही. लग्नाला महिना आहे.

तुझं लाल-हिरव्याचं पत्र वाचलं. तुझा इतका राग मला आजवर आला नव्हता. मी लिहिलं की त्या घरात माझा जीव रमणार नाही, आणि तू मला मागच्या बैठकीवर जागा करून दिलीस. बाईमाणसाला बसायला कोपरा मिळाला की तिचं झालं, असं अक्कलकोटच्या काकांना वाटलं तर मी समजू शकते. तू माझ्याबरोबर एका पाटावर जेवलेला.

क्लचचं रेवणसिद्धानं विचारलेलं नव्हतं. मी विचारलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी धुळा रिकामी लॉरी धुवायला हिप्परग्याच्या तळ्यावर नेतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मी रत्नम्माच्या आईकडं जाते असं सांगून त्याच्याबरोबर जाते. पुस्तक नुसतं वाचून समजत नव्हतं म्हणून सुरुवात केली. आधी धुळा तयार नव्हता. मग स्वतःच म्हणाला, “मेंढरं हाकताना कोन बाई न् कोन गडी बगतं व्हय? हाकायला आलं म्हंजी झालं.” पहिल्या दिवशी लॉरी तीन वेळा बंद पडली. आता मी तळ्यापासून तुळजापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत आणते. चाक हातात आलं की माझे पाय शांत होतात, अण्णा. जानेवारीपासून जी तळमळ लागली आहे ती तेवढा वेळ थांबते. मला मोटारीची हौस आहे असं समजू नकोस. मला नेऊन ठेवलेलं नको आहे, एवढंच.

हे मी अप्पांपुढं बोलू शकत नाही. तीनदा गेले, तीनदा पाणी देऊन परत आले. मोटार कोणती हे इथं सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं, पार धुळ्यालाही विचारलं. तुझा शब्द अप्पा ऐकतात. त्यांना लिही. तू लिहिलं नाहीस तर मी मुकाट्यानं बोहल्यावर उभी राहीन, आणि तुला पुन्हा पत्र लिहिणार नाही.

सुंदरा

*

मँचेस्टर, ता. २७ एप्रिल १९३७
(विमानटपालाने)

सुंदरा,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. तासाभरात अप्पांना तार केली. त्यात एवढंच आहे: मोटार घेतली नाही. आधी सुंदराला विचारा. ईश्वर.

लिहायला बसलो तेव्हा आधी मोठं पत्र लिहिणार होतो, पुरुषासारखं, शहाणपणाचं. ते फाडलं. खरं ते सांगतो. फोटोतली मोटार माझ्या मित्राची नाही. एका चहाच्या दुकानाबाहेर उभी होती. मालकाला विनवून दोन मिनिटं आत बसलो आणि वर्गातल्या पोरानं फोटो काढला. मला मोटार चालवता येत नाही. क्लच म्हणजे कोणता तेही मला त्या फोरमननं दाखवलं. त्या दिवशी परीक्षेचा निकाल लागला होता आणि ज्यासाठी मला इथं धाडलं त्या कापडाच्या विणकामातच मी नापास झालो होतो. ते लिहायच्या ऐवजी फोटो धाडला. अप्पांनी तो भिंतीवर लावला हे तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा मला दोन घास गेले नाहीत, तरी तुला मी फेट्याचं लिहिलं.

माल्व्हर्नला तीनदा गेलो तो तुझ्यासाठी नव्हे. तिथं गाडीत बसलं की नापास झाल्याचं विसरायला व्हायचं. मी सबंध वेळ माझ्यासाठीच मोटार निवडत होतो, आणि तिच्याबरोबर द्यायची होतीस तू. राखून ठेवलेली गाडी सोडून दिली. अप्पांना निकालाचं वेगळं लिहिलं आहे.

तार वेळेवर पोचली का, तेवढं कळव. मला इथं बसवत नाही.

ईश्वरा

*

श्री सिद्धेश्वर प्रसन्न
सोलापूर, ता. २२ मे १९३७

अण्णा, शरणार्थी.

उशीर झाला. लिहायला बसत होते आणि उठत होते. आता क्रमानं सांगते.

तार आली तो दिवस बस्त्याचा होता. अक्कलकोटची सगळी मंडळी आपल्याकडं जेवून बसली होती आणि बैठकीत लुगड्यांचा ढीग पडला होता. तारवाला दारात आला. मोटारीचीच खबर असणार म्हणून अप्पांचा चेहरा फुलला. मी दारातच उभी होते, पण त्यांनी तार मला दिली नाही. जावयाचा मान म्हणून रेवणसिद्धाच्या हातात ठेवली आणि म्हणाले, मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू द्या.

त्यानं वाचली. पहिलं वाक्य वाचलं आणि थांबला, मग दुसरंही वाचलं. न वाचता खिशात घालू शकला असता, हे मी त्याच्या बाजूनं धरते. काका म्हणाले, तिला काय विचारायचंय? कमलम्मा आत्या हसायला लागली, पण कुणी साथ दिली नाही. अप्पा कितीतरी वेळ हातातल्या लुगड्याची घडी घालत राहिले. मग म्हणाले, “सुंदरा, तुला काय विचारायचं होतं आम्ही?”

मी म्हटलं, “मला हे लग्न करायचं नाही, अप्पा.”

त्यावर कोण काय बोललं ते लिहीत नाही. रेवणसिद्ध मात्र ओरडला नाही. त्यानं मला विचारलं, “मोटारीवरनं?” नावानंतर हा त्याचा दुसरा प्रश्न. मी म्हटलं, मोटार कोणतीही आली असती तरी मी दमणीतच असते. तो म्हणाला, ते आईनं सांगितलं असेल, मला कुणी विचारलं नाही. मग म्हणाला, तुम्हाला चालवता येते असं अडतीवरच्या लॉरीवाल्यांकडनं ऐकलं. मी हो म्हटलं. “मला येत नाही,” असं म्हणून तो उठला आणि बाहेर टांग्यात जाऊन बसला. वाईट माणूस नव्हता, अण्णा. त्याच्या अडतीतही त्याचे पाय ठरत नसावेत. पण म्हणून त्याच्याशी लग्न करावं असं मला अजूनही वाटत नाही.

याद परत आली. मोडलं ते आपण, म्हणून बोल आपल्यालाच. कमलम्मा आत्या आपल्या उंबऱ्याला पाय लावणार नाही म्हणाली आहे. अव्वा माझ्याशी कामापुरतंच बोलते. साखर पेठेतले विणकर सूत न्यायला येतात तेही अप्पांकडं बघून आवाज खाली आणतात. आता लवकर दुसरं स्थळ येणार नाही, कदाचित येणारच नाही. पहिले आठ दिवस मला फार भीती वाटली. मग तुझं पत्र आलं. नापास झालास तर झालास. अप्पांनी त्यांच्या नावचं तुझं पत्र दोनदा वाचलं, भिंतीवरचा फोटो काढला नाही, नुसता तिथून लोड हलवून दुसऱ्या बाजूला बसले.

मी तळ्यावर कधी जाते ते त्यांना कुणी सांगितलं ठाऊक नाही, बहुतेक धुळ्यानंच. एका शुक्रवारी मी तळ्यावर गेले तर अप्पा आधीच लॉरीत बसलेले. मी चाक हातात घेतलं. शहराच्या नाक्यापर्यंत ते माझ्या गिअरवरच्या हाताकडं पाहत होते. उतरताना म्हणाले, गिअर जोरात टाकतेस.

परवा वीस तारीख होती. मांडव नाही, वाजंत्री नाही, घरात कुणी कुणाकडं बघत नव्हतं. रोजच्या वेळेला अप्पांनी दुकान बंद केलं, लोडाला टेकले आणि म्हणाले, ते मोटारीचं पुस्तक आण. मी आणलं. वाच म्हणाले. मी पहिल्यापासून वाचलं, तीन चाकांची, दोन बैठकांची, चार बैठकांची. अव्वा आत भांडी घासत होती, तीही थांबली असावी. सगळं वाचून झाल्यावर अप्पांनी विचारलं, “यातली तुला कोणती आवडली?”

घ्यायची होती म्हणून विचारलं असं नव्हे. आता मोटार कोण घेतंय. नुसतं विचारलं.

अण्णा, तीन महिने मी ते पुस्तक वाचते आहे. पानं पाठ आहेत. रेवणसिद्धाला कोणती हवी, त्याच्या आईला कोणती चालेल, अव्वाला कोणती अशुभ, तुझं मन कुठल्या रंगावर आलं, सगळं मला सांगता येत होतं. आणि माझी कोणती, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मी शोधलं, खरंच शोधलं. मला रडू यायला लागलं. अप्पा म्हणाले, घाई नाही. पुन्हा वाच.

सुंदरा